प्रोफाइल 'पुढे पाठवलंय' म्हणजे नेमकं कुठे?

पत्र

ताई, नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. वय ३६, शिक्षण बी.कॉम. चकाल्याला एका मालवाहतूक कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्सला होते. व्हेंडरची बिलं, पेमेंट, टीडीएस, महिनाअखेर, सगळं बघायचे. कंपनीने मुंबईचं ऑफिस बंद करून काम चेन्नईला हलवलं आणि आम्हा चौदा जणांना घरी बसवलं. हातात ३४ हजार यायचे. त्याला आता सात महिने झाले.

तेव्हापासून पाच प्लेसमेंट कन्सल्टन्सींकडे नाव घातलंय. सुरुवातीला दिवसाला चार-चार फोन यायचे. 'मॅम, तुमचं प्रोफाइल एकदम मॅच होतंय, पुढे पाठवलंय.' मग सगळं थंड. आपण फोन केला की 'क्लायंटकडून फीडबॅक आला की कळवते.' एकीने महापेला इंटरव्ह्यूला पाठवलं. डोंबिवलीहून ठाणे, तिथून कोपरखैरणे, पुढे शेअर रिक्षा. गेटवर पोचले तर कळलं, जागा आठवड्यापूर्वीच भरली. ठाण्यातल्या एका कन्सल्टन्सीने रजिस्ट्रेशनचे अडीच हजार घेतले, पावती दिली, त्यानंतर एकही कॉल नाही. सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. मैत्रिणीने तिच्या कंपनीत माझं नाव सुचवलं, तर एचआर म्हणाले, तुमचा सीव्ही एका एजन्सीकडून आमच्याकडे आधीच आलाय, आता थेट घेता येणार नाही. त्या एजन्सीने मला कंपनीचं नावसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आता एकजण ऐरोलीला अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर लावतो म्हणतोय. एजन्सीच्याच पेरोलवर, २७ हजार. सोमवारपर्यंत सांगायचंय. घरी सासरे रोज संध्याकाळी विचारतात, 'काही फोन आला का?' त्यांच्या मनात काही वाईट नसतं, पण तो प्रश्न आला की मला उठून आत जावंसं वाटतं. नऊ वर्षं काम केलेल्या बाईला कुणी साधं 'नाही'सुद्धा कळवत नाही. इतकी टाकाऊ झाले का मी?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही टाकाऊ झालेल्या नाही. नुसता धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाहीये. मी स्वतः अकरा वर्षं अंधेरीत प्लेसमेंटच्या धंद्यात काढली आहेत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून. 'फीडबॅक आला की कळवते' हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही, आणि त्यातल्या कित्येकांना मी पुन्हा फोन केला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या वाक्यामागे काय असतं ते मला आतून ठाऊक आहे. तेच सांगते.

आधी पैशाचा हिशेब. तुम्ही अकाउंट्सच्या, तुम्हाला तो चटकन कळेल. माणूस लागला की कंपनी कन्सल्टन्सीला फी देते. या धंद्यातला रूढ दर वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला माणसावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाच्या, ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, वर १८ टक्के जीएसटी. तुमची सीटीसी ४ लाख ८० हजार धरली तर फी झाली ४० हजारांच्या आसपास. हे बिल तुम्ही रुजू झाल्यावर निघतं. पैसे हातात यायला आणखी महिना-दीड महिना. तुम्ही तीन महिन्यांच्या आत सोडून गेलात, तर बहुतेक करारांत कन्सल्टन्सीला दुसरा माणूस फुकटात द्यावा लागतो. आणि तीच जागा कंपनीने आणखी चार-पाच कन्सल्टन्सींना दिलेली असते. ज्याचा माणूस लागला त्याला चाळीस हजार, बाकीच्यांना शून्य.

या सगळ्या व्यवहारात तुमच्या बाजूने एक रुपयाची नोंद नाही. म्हणून तुमच्याबद्दलची जबाबदारीही कुणाच्या खात्यावर नाही. कन्सल्टन्सी काम करते ती कंपनीचं. तुम्हाला नोकरी मिळवून देणं हे तिचं काम आहे असं आपण धरून चालतो, आणि सगळा मनस्ताप तिथून सुरू होतो.

आता ते टेबल बघा. आमच्याकडे उमेदवारांना फोन करणाऱ्या प्रत्येक मुलीपुढे एक एक्सेल शीट उघडी असायची. नाव, अनुभव, सध्याची सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटिस पिरियड, राहायला कुठे, आणि शेवटचा रकाना 'रिमार्क'. त्या रकान्यात माणसाचं नशीब दोन-तीन अक्षरांत लिहिलेलं असायचं. फोन वाजला पण उचलला नाही तर 'आरएनआर'. नको म्हणाला तर 'ड्रॉप'. आणि ज्यांचं पुढे काहीच कळत नाही त्यांच्यापुढे 'होल्ड'. या 'होल्ड'मध्ये शेकडो लोक पडून असायचे. सकाळी टीम लीडर यायचा आणि विचारायचा, आज किती प्रोफाइल गेली? किती लोकांना उत्तर दिलं हे कुणी कधी विचारलं नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलींच्या पगारावर टार्गेट टांगलेलं असायचं आणि 'नाही' कळवण्यात घालवलेला फोन त्या टार्गेटमध्ये धरला जात नसे. तुम्हाला फोन करणाऱ्या मुलीलाही बहुधा काहीच कळलेलं नसतं. कंपनीचा एचआर तिला तसाच ताटकळत ठेवतो.

कधी ती जागा आतल्याच माणसाला द्यायचं ठरलेलं असतं आणि कागदोपत्री तीन सीव्ही लागतात म्हणून बाहेरचे मागवतात. कधी बजेट अडकतं. कधी साहेब रजेवर जातो आणि परत आल्यावर त्याला वेगळंच काहीतरी हवं असतं. आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहिते. 'सेंट्रल लाइनवाले नकोत, पावसात दांडी मारतात,' असं क्लायंट तोंडी सांगायचा आणि 'राहायला कुठे' या रकान्यात कल्याण-डोंबिवली दिसलं की सीव्ही बाजूला पडायचा. यात तुमच्या नऊ वर्षांच्या कामाचं मोजमाप कुठे आलं? तुमच्या कामाकडे अजून कुणी बघितलेलंच नाही. जे बघितलंच नाही ते नाकारलं असं समजून सात महिने स्वतःला कुरतडू नका.

तुमच्या अडीच हजारांकडे येते. माझे आजोबा लालबागला एका गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि आज कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे गिरणीचा मुकादम, ठरवणार. त्याला दस्तुरी, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागायची, कामाला लागताना आणि काम टिकवायलाही. मजूरविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या जॉबरशाहीवर बोट ठेवलं, १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली भरतीसाठी रीतसर पद्धत आणली, तरी घरातल्या बोलण्यात जॉबर किती तरी वर्षं जिवंत होता. आजी सांगायची, सणाला घरात काही आलं नाही तरी जॉबरकडे काहीतरी पोचवावं लागायचं. मुंबईत नोकरी आणि माणूस यांच्यामध्ये कुणीतरी उभं असणं हे आजचं नाही. फरक एवढाच बघायचा, तो कुणाकडून घेतो? कंपनीकडून घेत असेल तर तो व्यवसाय आहे. तुमच्याकडून घेत असेल तर तो तोच जुना जॉबर आहे, मग बोर्डावर कन्सल्टन्सी लिहिलेलं असो की आणखी काही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, 'व्हेरिफिकेशन चार्जेस', नाव कोणतंही असू दे. यापुढे एक रुपया द्यायचा नाही.

दिलेले अडीच हजार सोडूनही देऊ नका. पावती आहे, हे फार बरं झालं. त्या कन्सल्टन्सीला व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर लिहा: अमुक तारखेला रक्कम घेतली, अमुक सेवा कबूल केली, ती दिली नाही, पंधरा दिवसांत रक्कम परत करावी. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन सेवा दिली नाही की ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे जिल्हा, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. माझा अनुभव सांगते, अशा लोकांना लेखी पत्रात 'ग्राहक आयोग' हे दोन शब्द दिसले की बऱ्याचदा तिथेच पैसे सुटतात. आणि पुढे कधी कुणी फोनवर भुलवून ऑनलाइन पैसे काढून घेतले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे वाचण्याची आशा.

मैत्रिणीच्या कंपनीचं जे झालं त्याने मी खरंच अस्वस्थ झाले. एजन्सी आणि कंपनी यांच्या करारात बहुधा असं कलम असतं की ज्या एजन्सीने सीव्ही आधी पाठवला, ठरावीक मुदतीपर्यंत, बरेचदा सहा महिने, तो उमेदवार तिचा. तुम्ही नंतर कोणत्याही वाटेने आलात तरी कंपनीला तिला फी द्यावी लागेल अशी भीती असते. म्हणून काही एजन्सी दिसेल त्या कंपनीकडे सीव्ही टाकून ठेवतात. शेतात नुसता खुंटा ठोकून ठेवावा तसं. तुमच्या बाबतीत तेच घडलंय.

अजून दार पूर्ण बंद झालेलं नाही. त्या एचआरना एक छोटं पत्र पाठवा. इंग्रजीत लिहा, आशय असा ठेवा: 'सदर एजन्सीने माझा सीव्ही आपल्याकडे माझ्या परवानगीशिवाय दिला. या पदासाठी मी त्यांना कधीही होकार दिला नव्हता, कंपनीचं नावही मला सांगितलं गेलं नव्हतं. माझा अर्ज आपल्या कर्मचाऱ्याच्या शिफारशीवरून आलेला समजावा.' तेच पत्र एजन्सीला पाठवून सीव्ही मागे घ्यायला सांगा. प्रत्येक कंपनी ऐकेल असं नाही. पण एचआरच्या फाइलमध्ये उमेदवाराचा लेखी नकार आला की एजन्सीचा दावा लंगडा पडतो, आणि एचआरला तुम्हाला घ्यायचंच असेल तर त्याच्या हातात एक कागद येतो.

बाकीच्या चौघींनाही आजच एक ओळ पाठवा: 'माझा सीव्ही कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी कंपनीचं नाव आणि पद मला लेखी कळवावं. माझा होकार आल्यावरच पाठवावा.' कुणी चिडेल, 'क्लायंट कॉन्फिडेन्शियल आहे' म्हणेल. पहिल्या फोनला नाव सांगितलं नाही तर समजू शकते, उमेदवार थेट तिकडे जाईल याची त्यांना धास्ती असते. पण सीव्ही पाठवायच्या क्षणी नाव कळलंच पाहिजे. सांगत नसतील तर तुमचा सीव्ही नको म्हणावं.

आणि एक शंभर पानी वही घ्या. तारीख, कोणती एजन्सी, कोण बोललं, कोणती कंपनी, किती पगार सांगितला. महापेसारखी फेरी पुन्हा फुकट जाऊ नये म्हणून इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी एजन्सीला एकच विचारायचं: मला तिथे भेटणाऱ्या माणसाचं नाव काय, आणि वेळेचा मेल कंपनीकडून आलाय का? तो मेल मला पाठवा म्हणावं. तो नसेल तर घरातून निघायचं नाही. जाताना स्वतःच्या सीव्हीच्या दोन प्रती बॅगेत ठेवा. एजन्सी आपल्या फॉरमॅटमध्ये सीव्ही उतरवताना कधी अनुभव वाढवते, कधी न येणारं सॉफ्टवेअर टाकते, आणि तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला वाटतं की खोटं तुम्ही बोललात.

सीव्हीवरून आठवलं. तुम्ही पत्रात लिहिलंय, 'सगळं बघायचे.' सीव्हीतही तसंच असेल तर ते आधी बदला. रिक्रूटर नोकरी डॉट कॉमच्या साठ्यात शोधते तेव्हा 'सगळं' असा शब्द टाकत नाही. ती टाकते 'टॅली', 'सॅप', 'व्हेंडर रिकन्सिलिएशन', 'जीएसटीआर-२बी'. महिन्याला किती बिलं पास करायचात, किती वाहतूकदारांची खाती होती, तिमाही टीडीएस रिटर्नचं काम स्वतः करायचात की फक्त आकडे द्यायचात, हे लिहा. ट्रान्सपोर्टमध्ये छोट्या पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांच्या आत सोडणं ही मोठी कसरत असते, ती तुम्ही नक्की केली असणार. तेही लिहा. आणि प्रोफाइलमध्ये दर आठवड्याला काहीतरी छोटासा बदल करून सेव्ह करा. अलीकडे कोण ॲक्टिव्ह आहे यावरून यादी लावली जाते, सात महिन्यांपूर्वीचं प्रोफाइल तळाला जातं.

पण मला मनापासून वाटतं की तुमची पुढची नोकरी कन्सल्टन्सीकडून येणार नाही. अकाउंट्सची मधल्या पगाराची माणसं मुंबईत अजूनही ओळखीवर लागतात, आणि तुमच्याकडे ती ओळख आहे. तुम्हाला ती ओळख वाटत नाही एवढंच.

तुमच्या कंपनीचं ऑडिट कोण करायचं? दर वर्षी त्यांची दोन-तीन आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारी, मुलं तुमच्या टेबलाशेजारी येऊन बसली असतील, व्हाउचर मागत, आठ-आठ दिवस. तुमची फाइल लागलेली असते की नाही, विचारलेला कागद दोन मिनिटांत निघतो की दोन दिवसांत, हे त्यांच्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. नऊ वर्षांत त्यातले काही सीए झाले असतील, काही दुसऱ्या कंपन्यांत मॅनेजर असतील. वागळे इस्टेट, भिवंडीची गोदामं, डोंबिवलीची एमआयडीसी, इथल्या चाळीस-पन्नास माणसांच्या कंपन्या अकाउंटंट हवा असेल तर कन्सल्टन्सीला ४० हजार देत बसत नाहीत. मालक आपल्या सीएला फोन करतो, 'साहेब, कुणी चांगली बाई आहे का बघण्यात?' त्या फोनच्या वेळी सीएच्या डोक्यात तुमचं नाव यायला हवं, आणि तुम्ही मोकळ्या आहात हे त्याला माहीतच नसेल तर ते येणार कसं?

दुसरे तुमचे वाहतूकदार. कळंबोलीचे, भिवंडीचे, न्हावा शेव्याचं क्लिअरिंग करणारे. नऊ वर्षं त्यांचे अकाउंट्सवाले दर आठवड्याला 'मॅडम, आमचं पेमेंट?' म्हणून तुम्हालाच फोन करत होते. कुणाचं बिल विनाकारण अडकवलं नसेल, कुणाकडून दिवाळीचं पाकीट घेतलं नसेल, तर ते लोक तुम्हाला विसरलेले नाहीत. अशा वीस जणांची यादी करा. रोज दोघांना फोन. नोकरी द्या असं म्हणायचं नाही. 'आमचं ऑफिस चेन्नईला गेलं, मी आता मोकळी आहे, तुमच्याकडे किंवा तुमच्या माहितीत कुठे अकाउंट्सला जागा निघाली तर सांगाल का,' एवढंच. पहिला फोन लावताना हात जड होईल. तिसऱ्यापासून होणार नाही. राज्याचं महास्वयम् आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस ही सरकारी पोर्टलं फुकट आहेत, नाव घालून ठेवा, पण विसंबून राहायचं ते या वीस नावांवर.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी विचारते. ग्रॅच्युइटी मिळाली का? नऊ वर्षं म्हणजे तुमचा हक्क आहे. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक १८ हजार धरलं तर ९३ हजारांच्या वर रक्कम होते, आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. मिळाली नसेल तर आधी चेन्नईच्या एचआरला लेखी मागणी पाठवा. पीएफचं पासबुकही उघडून बघा, नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का? ऑफिस बंद होतं तेव्हा हे राहून जातं आणि नव्या ठिकाणी खातं ट्रान्सफर करताना अडतं. मालकाने टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, वापरून पोर्टलवर ती टाकू शकता. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात नसेल तर तेही आत्ताच मागा, तिकडची माणसं बदलली की तुमचं नाव ओळखणारं कुणी उरणार नाही. हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण साधं आहे. चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असला की ऐरोलीवाल्याशी बोलताना आवाज थरथरत नाही.

तर ऐरोली. या प्रकारात एजन्सीचा हिशेब वेगळा असतो. तुम्ही तिच्या पेरोलवर, म्हणजे कंपनी तिला दर महिन्याला तुमचा पगार आणि वर सेवाशुल्क देणार. तुम्ही जितके महिने टिकाल तितके महिने तिला पैसे. म्हणून हा माणूस तुम्हाला स्वतःहून फोन करतोय, आणि म्हणूनच सोमवारची घाई आहे. याचा अर्थ तिथे बोलायला जागा आहे. ३० हजार मागा. २७ हजार हातात की सीटीसी, हे विचारा, कारण सीटीसी असेल तर दोन्हीकडचा पीएफ त्यातूनच जाईल आणि हातात बरंच कमी पडेल. ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होणार का, आणि नसेल तर मेडिक्लेम कोण देणार तेही विचारा. पीएफ तुमच्या जुन्याच यूएएनवर भरणार का, मध्येच काढलं तर किती दिवसांची नोटिस, अकरा महिन्यांनंतर काय, आणि कंपनीला तुम्हाला कायम करायचं झालं तर एजन्सी आडवी येणार का. शेवटचा प्रश्न नक्की विचारा.

मी तुमच्या जागी असते तर घेतली असती. ठाण्यात गाडी बदलली की ऐरोली दुसरं स्टेशन. घाटकोपरची ती गर्दी, मेट्रोचा जिना, सगळं वाचेल, आणि 'सध्या नोकरीत' असलेल्या उमेदवाराला रिक्रूटर जास्त फोन करते, हे कितीही अन्यायाचं असलं तरी मी ते रोज पाहिलेलं आहे. पण नेमणुकीचं पत्र आधी, त्यात पगाराची फोड हवी, आणि रुजू होण्याच्या दिवसापर्यंत तुमचे मूळ कागद कुणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत. आधारची प्रत मागितली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली द्या. त्यांनी पत्र द्यायला टाळाटाळ केली तर सोमवारी नाही म्हणा आणि वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या ठिकाणी कुणी शेवटचा पगार विचारला की ३४ हजार आधी सांगायचे, कॉन्ट्रॅक्टचे नंतर, दोन्ही खरे.

सासऱ्यांविषयी. पत्रातलं ते वाक्य मी तीनदा वाचलं. मला वाटतं, त्यांनाही दुसरं काय विचारावं ते सुचत नाही. रोज तोच प्रश्न विचारणारी माणसं बरेचदा मदत करायला आतुर असतात आणि त्यांना करायला काहीच दिलेलं नसतं. त्यांची सकाळच्या फेरीची मंडळी असतील, सोसायटीचं ऑडिट करणारा सीए असेल, जुन्या ऑफिसातले लोक असतील. उद्या संध्याकाळी त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच ती वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा, वीस नावांची यादी दाखवा आणि म्हणा, बाबा, यात तुमच्या ओळखीची चार नावं घाला.